निजामपुऱ्यातले बिनआवाजी वाचन

शनिवार, ३१ ऑक्टोबर १९९२, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. कल्याणला घरी मी धर्मशिक्षणाचे जुने पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळत होतो. सोमवारी मृतांचा दिन. नावामागे दोन रुपये दिले की चर्चमध्ये आपल्या माणसाचे नाव मोठ्याने वाचतात. माझी धाकटी बहीण जन्मली त्याच दिवशी, बाप्तिस्म्याआधी गेली. आईने तिच्यासाठी कधी पैसे दिले नाहीत, कारण अशी बाळे स्वर्गाबाहेर राहतात असे त्या पुस्तकात आहे. धर्मशिक्षणाच्या नव्या पुस्तकात वेगळे लिहिले आहे आणि ते भिवंडीच्या अंतोनकाकांकडे आहे, असे कळले होते. आई म्हणाली, "छापलेलं असेल तर सांग. माझी समजूत घालू नकोस."

एसटीला तीन रुपये पडतात. खिडकी मिळाली तरी काच लावून घ्या, कोनगावपर्यंत धूळ फार. स्टँडवरून निजामपुऱ्यात रिक्षाने गेलो, पाच रुपये. गल्ली सुरू झाली की कापड विणणारे लूम आधी तळपायांना कळतात, मग कानांना.

पत्ता विचारल्यावर रिक्षावाला म्हणाला, "किताबवाला बुड्ढा? लाइट जाने से पहले निकल आना, भाई. बाद में बहुत सन्नाटा रहता है."

काका पूर्वी मुलांना धर्मशिक्षण देत, नंतर लूमवर लागले. खोली कारखान्याला लागून, दिवसाही अंधारी. पुस्तके सुताच्या रिकाम्या खोक्यांत. मी ओरडून प्रश्न सांगितला. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिले, एक पातळ पुस्तक काढले, पान उघडले आणि वाचू लागले. लूमच्या आवाजात मला काहीच ऐकू येईना.

दहा वाजता लाइट गेली. अख्खी गल्ली एकदम थांबली. काकांचे ओठ हलतच होते. आवाज मात्र नव्हता.

"तीस वरसं असंच बोलत्यात," काकू म्हणाल्या. "लूममधी आवाज कामाचा न्हाय. घसा इसारला. मी सांगते, ऐक."

त्या ओठ वाचून एकेक वाक्य बोलू लागल्या. जुने पुस्तक ठामपणे दार लावते. हे नवे म्हणत होते की आम्हांला ठाऊक नाही, पण देवाच्या दयेवर या बाळांना सोपवावे, आशा धरावी. मला ठाम उत्तर हवे होते. तरी हेच मला जास्त खरे वाटले.

मध्येच काकू चहासाठी उठल्या आणि आमच्याकडे पाठ करून स्टोव्ह पेटवू लागल्या. वाक्ये थांबली नाहीत. मी काकांचे ओठ आणि काकूंचे शब्द ताडून पाहिले. अक्षरही मागेपुढे नव्हते. पाठ असेल, असे मी स्वतःला सांगितले. पण पुस्तकाची पुढची पाने छापखान्यातून आली तशी कडेला जोडलेलीच होती. ती काकांनी माझ्यासमोर बोटाने फाडून सुटी केली होती. चहा अर्धा टाकून, उतारा लिहून घेऊन मी निघालो.

घरी आईला तो वाचून दाखवला.

"म्हणजे त्यांनाही माहीत नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मग इतकी वर्षं ते कशाच्या जोरावर नाही म्हणत होते?"

 तिने देवघरातल्या डब्यातून सुटे पैसे काढले.

खर्च: एसटी जाऊन-येऊन सहा, रिक्षा जाताना पाच, वडापाव दीड. चर्चमध्ये आजी-आजोबांचे चार. एकूण साडेसोळा. देणे: तिसऱ्या नावाचे दोन रुपये. आई अजून नाव ठरवते आहे.