मुलुंडच्या गाळ्यात लताचं इंजिन

रविवारी सकाळी पातेल्यातला भात खाऊन दहिसरहून निघालो. लता गेल्यापासून कुकरचं झाकण माझ्याकडून बसत नाही. तिने केलेलं इंजिन पोळ्यांच्या डब्यात ठेवून वर तिची जुनी सुती साडी दडपली होती. बोरिवलीहून मुलुंडची बस मिळाली.

"काका, डब्यात काय एवढं जड?" कंडक्टरने विचारलं.

"वाफेचं इंजिन."

"मग आमच्या गाडीला लावा ना! हिची वाट लागलीय."

खरंच लागली होती. पवईपाशी बस बंद पडली आणि अर्धा तास मी तलाव बघत बसलो. पाणकावळे पंख वाळवत होते.

लता, माझी बायको, आयटीआयमध्ये लेथकाम शिकवायची. मी ग्रंथपाल. निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून तिने हे वीतभर पितळी इंजिन केलं आणि ते वाफेवर चालायच्या आधीच ती गेली. मागच्या महिन्यात मी ते सुटं केलं, चकाचक घासलं, पुन्हा जोडलं. तेव्हापासून धाकधूक होती, तिचं शेवटचं काम आपण बिघडवलं तर नाही ना?

मुलुंडच्या एका गाळ्यात वाफेची छोटी इंजिनं चालवणारी वाफवेडी मंडळी जमतात. लताची विद्यार्थिनी रोहिणी जुने नळ आणि घड्याळांची चक्रं जोडून दिवे, प्राणी करते. चावी दिली की तिचा पितळी खेकडा नांग्या हलवतो. बॉयलर सावंतांचा, त्यांचे वडील गिरणीत बॉयलरवर होते. आधी त्यांनी घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) खायला लावले.

इथला रिवाज असा, की पहिली वाफ इंजिन करणाऱ्यानेच सोडायची.

"वहिनी नाहीत, तर तुम्ही," सावंत म्हणाले.

इंजिन बॉयलरला जोडून मी वाफेचा कॉक फिरवला. फुस्स झालं. चाक अर्धं फिरून थांबलं.

"कोणी खोललेलं काय हो?" सावंतांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो. मान वर होईना.

"ग्रंथपालांनी पानं उलटसुलट शिवली!"

"गप्प बसा हो, सावंत." रोहिणी भिंग घेऊन वाकली. वाफ कधी आत घ्यायची ते ठरवणारी आसावरची चकती सरकली होती. "काका, आसावर हा ओरखडा कसला?"

"तो मी तीन दिवस घासला. निघालाच नाही."

"नशीब! ही मॅडमची खूण आहे. चकतीवर दुसरी, बघा. खूण केल्याशिवाय पाना हातात घेतला तर काय ओरडायच्या आम्हाला!"

तिने दोन्ही ओरखडे समोरासमोर आणून स्क्रू आवळला. मी पुन्हा वाफ सोडली. चाक थरथरलं, फिरलं आणि मग शिलाई मशीनसारखं एका लयीत चालू लागलं. सावंतांनी माझ्या ताटलीत आणखी एक घावणा टाकला.

संध्याकाळी घरी परतलो, डबा टेबलावर ठेवला आणि कुकर घासायला घेतला. झाकणाच्या कडेला एक ओरखडा होता. भांड्याच्या काठावर दुसरा. इतकी वर्षं मला वाटे, लता भांडी आपटते.

ओरखड्यासमोर ओरखडा आणला. झाकण बसलं. मग मी तांदूळ धुवायला घेतले.