साखळीची कमान

आमच्या बालवाडीचं नवं बांधकाम निघालं, तेव्हा आर्किटेक्ट म्हणून मुक्ता आली. वय पंचविशीचं, बोटांवर जलरंगांचे डाग. दाराची कमान कशी असावी यावर बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, "बाई, गळ्यातली साखळी जरा देता?"

साखळीची दोन्ही टोकं भिंतीला टेकवून तिने ती सैल सोडली. मधे सुरेख झोळ पडला. तिने त्याचा फोटो काढला आणि मोबाईल उलटा करून माझ्यापुढे धरला. झोळाची कमान झाली होती.

"या आकारात विटा एकमेकींना रेटून धरतात, बाई. लोखंड लागत नाही," ती म्हणाली. मग हळूच, "आणि दिसतेही किती छान!"

मला तिचा हेवाच वाटला. माझ्या लहानपणी शाळेत चित्रकलेचा तास वेगळा, गणिताचा वेगळा, आणि ते आवडणारी मुलंही वेगळी. वजनाला जी वाट सोयीची, तीच डोळ्यांनाही गोड वाटते, हे मला कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

कमानीखालचा लाकडी आधार काढायच्या दिवशी गवंडी म्हणाले, "सगळे लांब व्हा." शेवटची फळी निघाली. एक वीटही हलली नाही, तरी पुढे जायला कुणी धजेना. मुक्ता सरळ जाऊन कमानीखाली उभी राहिली आणि तिने मला हाक मारली, "या ना बाई, तुमचीच साखळी आहे."

मी गेले. वर बघताना हात आपोआप गळ्याशी गेला.