बाबांची ड्युटी सोडवणाऱ्या शरयूताई

डॉ. शरयूताईंची आणि आमची पहिली भेट पालघरच्या त्यांच्या दवाखान्यात झाली. बोईसरहून बाबांना घेऊन आई आणि मी गेलो होतो. ताईंनी बाबांना समोरच्या खुर्चीत बसवले आणि विचारले, "जनार्दनभाऊ, तुम्ही काय काम करत होतात?"

"बॉयलरवर होते," मी सांगितले.

"मी त्यांना विचारलं," ताई म्हणाल्या. "तुमची पाळी नंतर."

बाहेर पेशंटची रांग होती, तरी ताईंनी घाई केली नाही. शेवटी बाबा म्हणाले, "बॉयलर अटेंडंट. तारापूर." आणि खुर्चीत जरा ताठ बसले. कित्येक महिन्यांत त्यांना कोणी सरळ प्रश्न विचारला नव्हता. आम्ही सगळे त्यांच्यासमोर बसून त्यांच्याबद्दल बोलत होतो.

ताईंच्या या अमृतमहोत्सवी ग्रंथात त्यांचे विद्यार्थी असलेले मोठमोठे डॉक्टर लिहिणार आहेत. मी दहावीनंतर शाळा सोडली आणि एका कंपनीत पॅकिंग खात्यात काम करतो. स्मृतिभ्रंशावरच्या संशोधनाबद्दल अधिकाराने लिहिणे माझे काम नाही. ते संशोधन बोईसरजवळच्या कुंभवलीतल्या आमच्या खोलीपर्यंत कसे पोहोचले, तेवढे मात्र मी खात्रीने सांगू शकतो.

बाबांनी उभी हयात बॉयलरवर काढली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते विसरू लागले. आधी चष्मा, मग माणसांची नावे, मग जेवलो की नाही हे. तेवढे आम्ही सांभाळले असते. पण संध्याकाळ झाली की ते अस्वस्थ होत आणि फेरीला निघत. आमची गॅसची शेगडी चाचपत आणि चाळीच्या टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून टाकत. एका ओळीत इतक्या खोल्या आणि सगळ्यांना मिळून ती एकच टाकी. कामावरून आलेली माणसे अंगाला साबण लावून उभी असायची आणि नळ बंद व्हायचा.

शेजारचे यादवभाई सुरुवातीला हसून घ्यायचे. "अंकल, हमारा नहाना आपकी शिफ्ट में नहीं आता क्या?" म्हणायचे. पुढे हसणे कमी झाले. एकदा बाबांनी दुसऱ्याच्या खोलीत शिरून गॅसची कळ फिरवली, तेव्हा घरमालक आमच्या दारात आले.

"पोरा, तुजा बाप चांगला मानूस हाय," ते म्हणाले. "पन उद्या त्यानी कोनाचा गॅस चालू ठेवला मंजे? चाळ जळंल माजी. म्हैनाअखेर खोली सोड, नायतर त्याला कुटंतरी ठेव."

कुठेतरी म्हणजे दूरच्या एखाद्या संस्थेत. खोली बदलली तर नव्या जागेत बाबा आणखी हरवणार हे दिसत होते. आई कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करते, तिला घरी बसणे शक्य नव्हते. ती बाबांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावून जाऊ लागली. बाबा आतून दार वाजवत राहायचे. त्याआधी एका ठिकाणी दाखवले होते, तिथे शांत राहण्याची गोळी मिळाली होती. तिने ते शांत झाले, पण चालताना तोल जाऊ लागला. हे सगळे घेऊन आम्ही ताईंकडे गेलो होतो.

मी आणखी एक गोष्ट सोबत नेली होती. मोबाईलवर या आजाराच्या नव्या इंजेक्शनची बातमी वाचली होती, तिची छापील प्रत. मी ती ताईंपुढे ठेवली. ताईंनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली. एखाद्याने न बघताच बाजूला सारली असती.

"बातमी खरी आहे," त्या म्हणाल्या, "पण यांच्या कामाची नाही." मग त्यांनी मला समजेल अशा शब्दांत सांगितले. या आजारात मेंदूत एक प्रथिन साचत जाते. नवी औषधे ते काढून टाकतात. आजार अगदी पहिल्या पायरीवर असेल, तर त्याचा वेग काही जणांमध्ये थोडा कमी होतो. गेलेले परत येत नाही. काहींच्या मेंदूला सूज येते, बारीक रक्तस्राव होतो, म्हणून पुन्हा पुन्हा तपासण्या कराव्या लागतात. बाबांचा आजार त्या पायरीच्या पुष्कळ पुढे गेला होता आणि त्यांच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्याही खराब झाल्या होत्या.

"म्हणजे आता काहीच नाही?" मी विचारले.

"असं मी कुठं म्हटलं? इंजेक्शन नाही म्हटलं. बाकी पुष्कळ आहे. आधी यांचे कान तपासून या."

कान? मला वाटले ताई विषय बदलत आहेत. पण बॉयलरच्या आवाजात बाबांचे कान केव्हाच अधू झाले होते. ताई म्हणाल्या, "तुम्ही म्हणता सांगितलेलं विसरतात. त्यातलं अर्धं त्यांना ऐकूच आलेलं नसेल." उतारवयाच्या आधी ऐकू कमी येणे, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, एकटे पडणे, या सगळ्यांचा या आजाराशी संबंध आहे, असे अलीकडच्या अभ्यासांतून पुढे येत आहे. या गोष्टी सांभाळल्या तर प्रत्येकाचा आजार टळेल असे नाही, पण धोका कमी होतो, हे त्यांनी तेव्हा सांगितले. बाबांच्या बाबतीत टाळायची वेळ गेली होती, तरी ऐकू आले तर त्यांची भीती कमी होणार होती. त्यांनी ती शांत राहण्याची गोळी हळूहळू बंद केली आणि कानाच्या यंत्राची सोय लावून दिली. यंत्र लावले त्या दिवशी बाबा कुकरच्या शिट्टीने दचकले. आई म्हणाली, "आता मेलं हळू बोलाया लागंल. आदी कायबी बोललं तरी चालायचं."

पुढे ताईंनी कारखान्यांच्या फाटकांशी कान आणि रक्तदाब तपासण्याची शिबिरे सुरू केली. सुट्टीच्या दिवशी मीही मदतीला जातो. कामाच्या जागी कानात बोळे घालायला तरुण पोरे टाळतात. ताई त्यांना सोडत नाहीत. "बोळे घालायला लाज वाटते होय? आणि ती गाण्याची बोंडं दिवसभर कानात घालून फिरता, ती कशी चालतात?" पोरे हसतात आणि रांगेत उभी राहतात.

व्हॉल्व्हचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. ताईंनी सुचवले, "व्हॉल्व्हवर एक पेटी बसवा आणि ती भिंतीच्याच रंगाने रंगवा. दिसलं नाही तर हात जाणार नाही." अशा युक्त्या पुष्कळ घरांत लागू पडतात. मी पेटी बसवली. त्या संध्याकाळी बाबा टाकीभोवती फिरत राहिले, घामाघूम झाले आणि आई हाताला धरून आणायला गेली, तर त्यांनी तिला ढकलले. आमच्या घरात असे कधी झाले नव्हते. मी रडवेला होऊन ताईंना फोन केला.

त्या रविवारी ताई स्वतः कुंभवलीला आल्या. बोईसर स्टेशनवरून रिक्षाने, एकट्या. आल्या आणि आधी आईला म्हणाल्या, "माझं चुकलं हो. मी व्हॉल्व्हचाच विचार केला. यांना विचारलंच नाही." एवढ्या मोठ्या डॉक्टर चाळीच्या ओट्यावर उभ्या राहून चारचौघांत असे म्हणाल्या. मला त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो तिथून सुरू झाला.

संध्याकाळ झाली तसे बाबा उठले. ताई त्यांच्यासोबत टाकीपर्यंत चालत गेल्या.

"काय शोधताय, भाऊ?"

"व्हॉल्व्ह कुठं गेला?"

"घरी चला ना, चहा घेऊ."

"बॉयलर असा टाकून जाता येत नाय, बाई."

"मग कधी जाता येतं?"

बाबांनी त्यांच्याकडे, कामावर नव्याने लागलेल्या माणसाकडे बघावे तसे बघितले. "रिलिव्हर आल्यावर."

"तो आला की काय म्हणतो?"

"काय म्हननार? चार्ज घेतला म्हनतो. मग जायचं."

ताई माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडे अशी पद्धत असते?"

असते. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन चार्ज घेत नाही तोवर बॉयलर सोडायचा नाही. माणूस आलाच नाही तर पुढची शिफ्टही आपणच करायची. बाबांनी अशा डबल ड्युट्या कितीतरी केल्या होत्या. मी स्वतः रोज कोणाला तरी चार्ज देतो, पण बाबा रोज संध्याकाळी कोणाची तरी वाट बघत आहेत, हे माझ्या मनात आले नव्हते.

"मग उभे काय राहिलात?" ताई म्हणाल्या. "घ्या चार्ज."

सगळी चाळ बघत होती. मला लाज वाटत होती. मी पुढे झालो. "बाबा, मी आलो. रिलिव्हर."

बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "हेल्मेट कुठं हाय?"

ओट्यावर हशा पिकला. यादवभाईंनी आपल्या खोलीतले हेल्मेट आणून माझ्या डोक्यावर ठेवले. "लो, साहब की ड्यूटी लग गई."

"पानी बघितलं?" बाबांनी विचारले.

"बघितलं."

"प्रेशर?"

"बघितलं बाबा. सगळं बरोबर आहे. चार्ज घेतला."

बाबांनी दोन्ही हात पँटला पुसले, घरात गेले आणि आईला म्हणाले, "चा ठेव." आईने लगेच आधण ठेवले.

ताई लगेच निघाल्या नाहीत. त्यांनी शेजाऱ्यांना ओट्यावर बसवून या आजारात मेंदूत काय होते ते सांगितले. कोणीतरी विचारले, "डॉक्टरजी, ये लगता तो नहीं ना?" ताई म्हणाल्या, "नहीं लगता. इनके पास बैठिए, चाय पीजिए. अकेले रहने से ज़्यादा बिगड़ता है." घरमालकांनी गॅसचे विचारले. आमचा सिलिंडर कुलपाच्या कपाटात ठेवायचा आणि संध्याकाळी बाकीच्यांनी आपापल्या दारांकडे लक्ष द्यायचे, असे ठरले. ताई त्यांना म्हणाल्या, "एक महिना बघा. नाही जमलं तर मला फोन करून ओरडा."

घरी आल्यावर मी ताईंना हळूच विचारले, "पण ताई, हे खोटं बोलणं नाही का?"

"मलाही हा प्रश्न पडतो," त्या म्हणाल्या. "त्यांची भीती कमी होते का, एवढं मी बघते. तुम्ही असं सांगून त्यांचा अंगठा कुठल्या कागदावर घेतलात, तर मीच तुम्हाला दवाखान्याबाहेर काढीन." त्यांनी उत्तर ठाम दिले नाही, म्हणूनच मला ते पटले.

रोज जमायचेच असे नाही. काही संध्याकाळी बाबांना माझे म्हणणे पटायचे नाही आणि ते पुन्हा फेरी मारायचे. पण पुष्कळदा जमायचे. माझी दुसरी शिफ्ट असली की यादवभाई चार्ज घ्यायचे. "चार्ज ले लिया, अंकल. घर जाइए." महिना संपला तेव्हा मी धास्तावून घरमालकांकडे गेलो. ते सुपारी कातरत बसले होते. "खोलीचं काय करू?" मी विचारले. "खोलीला काय झालंय?" ते म्हणाले. "काल तू नव्हतास, यादव नव्हता. मीच घेतला चार्ज. जुना मानूस हाय, दोनदा इचारल्याबिगर सोडत नाय."

दिवसा बाबांना कोंडावे लागू नये म्हणून ताईंनी बोईसरला सुरू केलेल्या दिवसकेंद्रात आम्ही त्यांना ठेवू लागलो. औषधांचे होते तसे काळजी घेण्याचेही संशोधन होते, हे मला तिथे कळले. माणसाला त्याच्या सवयीचे काम द्यावे, घरच्यांना शिकवावे, चिडण्यामागचे कारण शोधावे, ही त्या संशोधनातली मुख्य सूत्रे आहेत, असे ताई सांगतात. केळव्याच्या एक आजी तिथे बसून सुपाऱ्या निवडतात, लहान वेगळ्या आणि मोठ्या वेगळ्या. त्यांना आपल्या मुलीचे नाव आठवत नाही, पण किडकी सुपारी बरोबर बाजूला काढतात. बाबा तिथे पाण्याच्या पिंपांवर लक्ष ठेवत.

आईबद्दल लिहिले नाही तर हा लेख अपुरा राहील. पहिल्याच भेटीत ताईंनी बाबांचा रक्तदाब मोजून झाल्यावर पट्टा आईच्या दंडाला बांधला. "मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली. ताई म्हणाल्या, "माझ्याकडे आज दोन पेशंट आलेत." आईचा रक्तदाब बाबांपेक्षा जास्त निघाला. तेव्हापासून प्रत्येक वेळी ताई आधी आईला विचारतात, झोप झाली का म्हणून.

बाबांचा आजार थांबलेला नाही. आता ते फेरीला जात नाहीत. त्यांना भरवावे लागते. माझे नाव ते घेत नाहीत, मी जवळ बसलो की हात मात्र धरतात. हे होणार असे ताईंनी फार आधी, माझ्या शेजारी बसून सांगून ठेवले होते. त्यामुळे ते आले तेव्हा मला दुःख झाले, पण काय करायचे ते माहीत होते.

ताईंना पंच्याहत्तरावे वर्ष लागले आहे. त्यांना निरोगी आणि खूप मोठे आयुष्य लाभो. त्या इतरांना कान तपासायला सांगतात आणि स्वतःची तपासणी पुढे ढकलतात, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. येत्या वर्षांतले थोडे दिवस त्यांनी स्वतःसाठी ठेवावेत, एवढी विनंती मी सर्वांच्या वतीने करतो.

हा लेख लिहिताना मी आईला विचारले, तुझ्याकडून ताईंना काय लिहू? ती बाबांना पेज भरवत होती. चमचा पुसत म्हणाली, "लिही, का माजा मानूस माज्या डोळ्यांम्होरं हाय. बाकी तुमा शिकलेल्यांना काय लिवायचं ते लिवा."