देलमिरा आत्याची हद्द

चोरून झाडं तोडणाऱ्या लाकूडवाल्यांनी आमच्या मुखियाला, लिसार्दोला, नदीकाठी गोळी घातली, त्यानंतर जंगलातल्या आमच्या आशानिंका जमातीच्या गावात मुखिया व्हायला कुणी तयार होईना. सभेत पुरुष खाली माना घालून बसले. शेवटी माझी देलमिरा आत्या उठली. पन्नाशीची बाई. कसाव्याच्या कंदांचं शेत आणि चार कोंबड्या, एवढाच तिचा कारभार.

"दिवस गेलेत का रे तुम्हाला? उठवत नाही ते?" म्हणाली. सगळे हसले, आणि चौथ्या दिवशी हद्दीवर जाऊन लाकूडतोड अडवायची असं ठरलं. घरी आल्यावर मात्र ती भडभडून ओकली. डोकं मीच धरलं होतं.

गावचा वायरलेस माझ्याकडे असतो. तिसऱ्या दिवशी दुपारी खरखरीतून एक आवाज आला, आमच्याच भाषेत.

"देलमिराला सांगा, पपईखालचे कंद चांगले पोसलेत. सकाळी उपटताना एकटीच होती. उद्याही एकटीच असेल ना?"

आत्या शेजारीच उभी होती. परक्याने दम देणं वेगळं. हा तर आमच्यातलाच. तिने माझ्याकडून माइक ओढून घेतला.

"कोण रे तू? कुणाचा?"

मग दबक्या आवाजात, "मावशी, हद्दीकडे जाऊ नकोस. हे लोक खरंच मारतात."

तिला मावशी म्हणणारा एकच. आबनेर. तिची बहीण वारल्यावर आत्यानेच त्याला वाढवलं होतं. दोन वर्षांपूर्वी तो लाकूडवाल्यांकडे कामाला गेला होता.

"आत्या, हा धमकावत होता की सावध करत होता?"

"त्याला तरी कुठं कळतंय," ती म्हणाली.

सकाळी मी तिच्या चेहऱ्यावर लाल रंगाच्या रेघा ओढल्या. आम्ही एकोणीस बायका आणि चार पुरुष निघालो. हद्दीजवळ महोगनीच्या खोडांवर तोडण्यासाठी निळे आकडे रंगवलेले. पुढून करवतीचा आवाज. सात माणसं होती, दोघांकडे बंदुका. करवत आबनेरच्या हातात.

एकाने बंदूक रोखली. आत्या पुढे गेली आणि पाडलेल्या खोडावर बसली.

"आबनेर, सांग ह्यांना. पाय लटपटतायत म्हणून बसलेय. पण उठायची नाही."

त्याने स्पॅनिशमध्ये सांगितलं, मान वर न करता. आम्हीही एकेक करत तिच्या शेजारी बसलो. बंदूकवाला आमच्यावरून नजर फिरवत राहिला. एकीला मारणं सोपं होतं, तेवीसजणांना अवघड. दुपार कलल्यावर त्यांनी सामान गोळा केलं. आबनेरही त्यांच्यामागून गेला.

महिनाभराने सरकारी माणसं आली, हद्दीचं मोजमाप करून गेली. त्या जागी पुन्हा करवत वाजली नाही. ओढ्यापलीकडे कधीमधी ऐकू येते.

आत्या अजून मुखिया आहे. शेतात एकटी जात नाही. आम्ही पाळीपाळीने सोबत जातो. आबनेरचं काही कळलं नाही. काठाला अनोळखी होडी लागली की आत्या आधी खांबाआडून बघते, मग बाहेर येते.