मावशीचा जुना गॅस

माझा स्वभाव तापट आणि धंदा थंडाव्याचा. रोह्यात फ्रीज दुरुस्तीचं दुकान काढलं, तेव्हा घरच्यांनी यावर भरपूर हसून घेतलं. मला तो विनोद अजून आवडत नाही.

आमच्या धंद्यात एक रीत होती. फ्रीजमध्ये नवा गॅस भरायचा तर आधी जुना सोडून द्यायचा. नळी कापली की फुस्स आवाज यायचा, घरातली पोरं टाळ्या पिटायची आणि काम सुरू. गिऱ्हाइकांचीही एक रीत होती. बदललेला जुना भाग त्यांच्या हातात द्यावाच लागे, नाहीतर मिस्त्रीनं चांगला काढून सडका बसवला असा गावभर बोभाटा. रोह्यापासून पेणपर्यंत कित्येक माळ्यांवर मी काढलेले भाग लोकांनी जपून ठेवलेत. त्यांचं करणार काय, ते देवाला ठाऊक.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पेणला आम्हा मिस्त्री लोकांसाठी दोन दिवसांचा वर्ग भरला. जेवण फुकट म्हणून मी गेलो. मुंबईहून आलेल्या सरांनी सांगितलं की आपण सोडलेला हा गॅस वर जातो आणि उन्हातले वाईट किरण अडवणारा ओझोनचा थर विरळ करतो. मी हात वर करून विचारलं, "आम्ही आजवर कितीसा सोडला असेल?" सर म्हणाले, "ते तुम्हीच सांगा." फुकटचं जेवण मी अर्धं टाकून उठलो. फुस्स आवाजाला टाळ्या घेणारा मीच होतो ना!

गॅस ओढून साठवायचं मशीन आमच्याकडे कुठलं असायला? सर म्हणाले, तोवर ट्यूबमध्ये भरून ठेवा, गोळा करायला गाडी येईल. मी पंक्चरवाल्याकडून जीपच्या जुन्या ट्यूब उचलल्या. यापुढे फुंकरभरही सोडायचा नाही, असं ठरवलं.

पहिलंच काम आलं पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातून. मावशी मिठागरात काम करणारी, मुलगा धाटावला कंपनीत. पहिल्या बोनसमधून त्यानं आईला फ्रीज घेऊन दिलेला. आतली बारीक नळी चोक झाली होती. मी ट्यूब जोडली, ती हळूहळू फुगली. मावशी मिश्री लावत सगळं बघत होती. काम संपल्यावर जुना ड्रायर, म्हणजे गॅस गाळणारी तांब्याची कांडी, मी रीतसर तिच्या हातात दिला, ट्यूब खांद्यावर टाकली आणि निघालो. मावशी दारात आडवी.

"ती ट्यूब ठेव खाली."

"मावशी, ट्यूब माझी आहे."

"ट्यूब तुजी, गॅस माजा. माज्या पोराच्या कमाईचा हाय."

मी तिला ओझोन समजावला. वर एक थर आहे, हा गॅस सुटला तर तो विरतो, मग ऊन जास्त लागतं.

"जास्त ऊन पडला तं मीठ बेगीन पिकल. चांगलाच हाय की!"

"ते ऊन तसलं नाही! कातडी जाळणारं ऊन!"

"मंग मिठागरात आमी काय सावलीत बसतो?"

यावर सरांनी काही शिकवलं नव्हतं. माझा आवाज चढला, तिचा त्याहून चढला. "चोर मेला!" म्हणाली. शेजारीपाजारी जमले. एका म्हाताऱ्यानं ट्यूब दाबून बघितली आणि निकाल दिला, "जुना सामान गिऱ्हाइकाचा." झालं! अख्ख्या गावादेखत मी चोर ठरत होतो, तेही आयुष्यात पहिल्यांदा चांगलं काम करायला गेलो तेव्हा.

"घे बाई!" मी ट्यूब तिच्या पायाशी ठेवली. "पण सोडायचा नाही हां."

"माजी वस्त मी कशाला सोडू?" ती म्हणाली.

बाकीच्या गिऱ्हाइकांनी एवढी हुज्जत घातली नाही. दुकानात ट्यूबांची रास वाढत गेली. दोन जीपवाले पंक्चर काढायला येऊन गेले, त्यांना मी हाकलून दिलं. गोळा करणारी गाडी काही आली नाही. गणपतीच्या तोंडावर कामांची झुंबड उडाली, फ्रीज ठेवायला जागा उरली नाही. एका दुपारी माझं डोकं फिरलं. शटर अर्धं ओढून मी एकेक व्हॉल्व्ह उघडत गेलो. या वेळी टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं, पण जागा झाली.

दोनेक वर्षांनी मावशीच्या फ्रीजचा दिवा गेला म्हणून पुन्हा गेलो. मी खोलायला बसलो तेवढ्यात तिनं माळ्यावरून जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं उतरवलं. आत ट्यूब होती. मी बोटानं दाबली. टणक होती.

"नातवंडा पवायला मागतात, मी हात लावून देत नाय," मावशी म्हणाली. मग माझ्यासमोर चहा ठेवून जरा नरमाईनं बोलली, "तवा तुला चोर बोलली, मनात नको ठेवू. दुसऱ्यांचा गॅस नेलास तो हाय ना रं तुज्याकडं जपलेला?"

"आहे," मी म्हणालो आणि मान खाली घालून दिव्याचा स्क्रू पिळत बसलो. तो केव्हाच घट्ट झाला होता.