अक्कांचा कढईवरचा एक तास

संध्याकाळी सातलाच भरीत संपलं आणि गाडीतून उतरलेलं सहा जणांचं कुटुंब तसंच परत गेलं. हा सलग चौथा दिवस.

"सर, आता तुम्हीच काहीतरी सांगा," सुनंदाताई म्हणाल्या.

पारोळ्याच्या बाहेर, धुळे-जळगाव रस्त्याला लागून, दोघी जावांचं हे भरीत-केंद्र. थोरल्या अक्का, धाकट्या सुनंदाताई. दोघींनी धुळ्याला आमचं उद्योजकता प्रशिक्षण घेतलेलं. मी तिथला ट्रेनर. अर्थशास्त्र शिकलेला माणूस, आणि फळा दिसला की मला राहवत नाही.

कामं दोनच. मागे पत्र्याखाली कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलायची आणि बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोल पात्रात, मिरची-लसणाबरोबर ठेचायची. पुढे रस्त्याकडे तोंड करून कढईत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या तळायच्या. केंद्र सहा तास चालायचं. तीन तास एक मागे, एक पुढे. मग अदलाबदल.

"अदलाबदल कशासाठी?" मी विचारलं.

"पहिलापासून तसंच शे," अक्का म्हणाल्या.

मला हसू आलं. कोणी असं म्हणालं की माझे हात शिवशिवायला लागतात. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि दोघींची कामं मोजली. अक्का तासाला सहा किलो भरीत करायच्या, किंवा एकशे वीस पुऱ्या. सुनंदाताई दोन किलो भरीत, किंवा ऐंशी पुऱ्या. म्हणजे अक्का दोन्हीत सरस. मग धाकटीचा उपयोग काय?

नवखा माणूस इथेच फसतो. एक काम करताना दुसरं जे हातचं सुटतं, ती त्या कामाची खरी किंमत. यालाच ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणतात. अक्कांनी एक किलो भरीत केलं की वीस पुऱ्या सुटतात. सुनंदाताईंनी केलं की चाळीस. भरीत अक्कांच्या हातून स्वस्त पडतं, पुऱ्या सुनंदाताईंच्या हातून. हा कंपॅरेटिव्ह ॲडव्हान्टेज. तुम्ही कशात सरस आहात याला महत्त्व नाही. कशात तुमचं कमीत कमी सुटतं, ते बघायचं.

अदलाबदलीत दिवसाला चोवीस किलो भरीत आणि सहाशे पुऱ्या निघत होत्या. नवं गणित मी भिंतीवरच खडूने मांडलं. सुनंदाताई सहाही तास पुऱ्यांवर. अक्का पाच तास भरतावर आणि शेवटचा एक तास कढईवर. पुऱ्या तेवढ्याच, सहाशे. भरीत तीस किलो. कोणीही जास्त राबलं नाही आणि सहा किलो वाढले!

इथे थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण तो एक तास मला खुपायला लागला. हात धुवा, जागा बदला, थोडं हे, थोडं ते. मी तो पुसून टाकला.

"अक्का पूर्ण वेळ भरीत. छत्तीस किलो निघेल. पुऱ्या कमी पडतील, तिथे एक बाई लावा."

अक्का भिंतीकडे बघत होत्या. "मंग मी म्होरे कव्हय येऊ?"

"पुढे कशाला यायचं? तुमचा तास मागेच जास्त मोलाचा आहे."

त्या उठून मागे वांगी सोलायला गेल्या. मला वाटलं, पटलं.

महिनाभर सगळं झकास चाललं. मी केंद्राची केस स्टडी लिहून ऑफिसला पाठवली आणि आमच्या साहेबांचा फोन आला. "केस स्टडी उत्तम आहे. फोटो पाठवा." मी दुकानाचा दर्शनी फोटो पाठवला. सुनंदाताई, नवी बाई, कढई, गिऱ्हाइकांची गर्दी. साहेब खूश, मीही खूश.

मग सुनंदाताईंचा फोन आला. अक्का आठ दिवस आल्या नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणत होत्या.

"गुडघ्यांचं काही नाही, सर," त्या म्हणाल्या. "आमचे जेठ, अक्कांचे मालक, गेले त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून घरात काही कार्य असलं की अक्का मागच्या खोलीत. सवाष्णी पुढे. कढईवर बसायला लागल्यापासून त्या बोलायला लागल्या होत्या. साक्रीकडची माणसं थांबली की त्यांना माहेरची खबर मिळायची."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठे विचारलं?"

मी अक्कांच्या घरी गेलो. अक्कांनी चहा दिला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमना हिसाब खोटा नही, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन घरमा बी मांगेच, तठे बी मांगेच. कढईजोडे तरी लोके मनासंगे बोलेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अक्का, चूक माझी आहे. उद्यापासून शेवटचा तास तुम्ही कढईवर. गणितात तो तास होताच, मीच पुसला."

"आते नको. त्या बाईना पोटवर कसाले पाय देऊ?"

ती बाईही माझ्याच सांगण्यावरून लावलेली.

अक्का परत आल्या नाहीत. सुनंदाताईंनी त्या बाईला हाताशी धरून मोसम रेटला, पण त्यांच्या हातून तासाला दोनच किलो भरीत व्हायचं, हे माझ्याच मोजमापात होतं. पुढच्या हिवाळ्यात केंद्र उघडलं नाही. ती बाईही घरी बसली. केस स्टडी मात्र ऑफिसच्या फाइलमध्ये यशस्वी म्हणूनच आहे. मी ती काढून घ्यायला सांगितली, तर साहेब म्हणाले, "आकडे तर बरोबर आहेत ना?"

आकडे बरोबरच आहेत. अक्कांच्या हातचं काय सुटतंय, हे मात्र मी पुऱ्यांमध्ये मोजलं आणि मोकळा झालो. हे गणित मी आजही शिकवतो. फक्त आकडे लिहिण्याआधी प्रत्येकीला विचारतो, हे काम सोडायला लागलं तर तुमचं काय जाईल? अक्कांना हे विचारायला दोन मिनिटं लागली असती.