जिन्याच्या भिंतीतलं पाणी

हां, तर नळआत्यानं जिन्यातल्या भिंतीला गाल लावला आणि डोळे मिटले, इथवर आपण आलो होतो. मध्ये कुणी बोललं की ती नुसता हात वर करायची. त्या हाताला भलेभले गवंडी वचकून असत. आजही एक गवंडी छिन्नी-हातोड्याची पिशवी घेऊन वरच्या न्हाणीघराच्या दारात खोळंबला होता, आणि पायरीवर धाकटी जाऊ जीव मुठीत धरून बसली होती.

कारण भांडण आता नुसतं न्हाणीघराच्या फरशीचं राहिलं नव्हतं. खाली थोरल्या जावेच्या निजायच्या खोलीत भिंतीला ओल आली, पोपडे सुटले, कपाटातल्या चादरींना कुबट वास यायला लागला. बरोबर वर धाकटीचं न्हाणीघर. मग काय, आयतंच सापडलं. "कुठंतरी पाणी मुरतंय," हे थोरली आधी भिंतीबद्दल म्हणायची, पुढं धाकटीबद्दल म्हणायला लागली. ही मुद्दाम बादल्या ओतते, नळ सोडून ठेवते. धाकटी बिचारी आंघोळ झाली की फरशी जुन्या टॉवेलनं टिपून घ्यायची, तरी ओल आपली वाढतच होती. शेवटी तिचा नवरा भावाला म्हणाला, "फोडा फरशी. आम्ही दुसरीकडं खोली बघतो." एका ओल्या डागानं सख्ख्या भावांचं घर दुभंगायला आलं होतं.

म्हणून फरशी फुटायच्या आत धाकटीनंच नळआत्याला बोलावलं. ही तशी कुणाचीच आत्या नाही. नवरा नळजोडणीची कामं करायचा, ही त्याची हत्यारांची पिशवी धरायची. तो आधी भिंत फोडायचा आणि मग विचार करायचा, ही मागून म्हणायची, "अहो, हातभर अलीकडं." पुढं त्याचे गुडघे गेले आणि पाना हिच्या हातात आला. तेव्हापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "आमची ही भिंतींशी बोलते, माझ्याशी नाही."

आल्या आल्या तिनं घरातले सगळे नळ बंद करायला लावले आणि दारातल्या पाण्याच्या मीटरपुढं फतकल मारली. मीटरच्या काचेखाली एक चिमुकलं लाल चाक असतं. घरात थेंब सांडत नव्हता, आणि ते चाक मुंगीच्या चालीनं फिरतच होतं. धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. सगळं घर गप्प, आणि भिंतीत बसून कुणीतरी पाणी पितंय.

"वरचा कॉक आवळ," आत्या म्हणाली. धाकटीनं आवळला. चाक फिरतंच. खालचाही आवळला. तरी फिरतंच.

"वरची न्हाणी सुटली," आत्यानं गवंड्याला हाळी दिली. "छिन्नी पिशवीत घाल बाबा."

"पण ओल तर हिच्याच न्हाणीखाली आहे," थोरली म्हणाली.

"पाणी निघतं एकीकडं आणि दिसतं भलतीकडं. चोरी या आळीत, बोंब त्या आळीत."

राहता राहिला मधला पाइप, जिन्याच्या भिंतीतून वर जाणारा. जिन्याच्या बाजूनं तैलरंग, त्यामुळं ओल पलीकडं थोरलीच्या खोलीत फुटलेली आणि इकडून भिंत कोरडी ठणठणीत. आत्या गाल टेकवत एकेक पायरी चढत गेली. गारवा गालाला कळतो तसा तळहाताला कळत नाही, हे तिचं ठाम मत. वळणावर आरसा होता, तिथं ती थबकली आणि निरखून बघायला लागली.

"नटायचंय का आत्या?" गवंडी वरून म्हणाला.

"या वयात नटले तर घरी आमचे हे ओळखायचे नाहीत. हे काळे ठिपके बघ. आरसा म्हातारा नाही झालेला. त्याला मागून ओल खातेय."

आरसा उतरवला. मागं रंग फोडासारखा फुगलेला, आणि खिळ्याखाली गंजाचा तांबूस ओघळ. आत्यानं लाकडी पट्टीचं एक टोक खिळ्यावर टेकवलं, दुसरं धाकटीच्या कानामागच्या हाडाला लावलं. धाकटीनं श्वास रोखला. आत बारीक, अखंड सूं सूं चाललं होतं, दातांतून कुणी फुंकर घालावी तसं. रोज याच आरशात भांग नीट करून ती खाली उतरायची, आणि बोटभर आत हे सगळं चाललेलं. तिचे डोळे विस्फारले ते तसेच राहिले.

थोरलीनं मात्र उतरवलेला आरसा हातात घेतला. "तो आरसा मी लावलाय," ती म्हणाली. "ही लग्न होऊन यायच्या आधी. स्टुलावर चढून, माझ्या हातानं. नव्या नवरीला उतरताना तोंड बघता यावं म्हणून."

"ताई, तुम्ही?" धाकटी म्हणाली. "मला वाटायचं तो पहिल्यापासूनच आहे."

"पण आत्या, तेव्हा तर टिपूससुद्धा आलं नव्हतं," थोरली म्हणाली.

"येईल कसं? खिळ्यानंच पाइपाला भोक पाडलं आणि खिळाच बूच होऊन बसला. गंजत गेला, तसं पाझरायला लागलं."

थोरलीनं पदर तोंडाला लावला. "आणि मी हिला नाही नाही ते बोलले. आता कुठल्या तोंडानं काय म्हणू हिला?"

आत्या पिशवीतून पाना काढत म्हणाली, "म्हणायचं ते सावकाश म्हण. मी आता मेन कॉक बंद करून हा खिळा उपटणार, मग संध्याकाळपर्यंत नळाला थेंब नाही, तेव्हा आधी दोघी मिळून बादल्या भरून घ्या. आणि पुन्हा कधी माया उतू आली, तर भिंतीतून पाइप कुठून गेलाय ते विचार आणि मग खिळा ठोक."